लहान ऑफिसच्या सर्व्हर लॉगमध्ये पुन्हा पुन्हा येणाऱ्या वॉर्निंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्या ऑफिसमध्ये दहा ते तीस संगणक आहेत, एकच विंडोज सर्व्हर डोमेन (सर्वांची खाती आणि लॉगिन एका ठिकाणी सांभाळणे), डीएनएस (नावावरून पत्ता शोधणे), डीएचसीपी (संगणकांना पत्ते वाटणे) आणि फाइल शेअरिंग अशी सगळी कामे करतो आणि आयटीसाठी वेगळा माणूस नेमलेला नाही, अशा ऑफिससाठी ही पाने लिहिली आहेत. अकाउंट्स पाहणारे, ॲडमिनचे काम करणारे किंवा एएमसीवर येणारे हार्डवेअरचे तंत्रज्ञ यांच्याकडून नेहमी येणारे प्रश्न येथे घेतले आहेत. लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरसाठी शेवटाकडे एक स्वतंत्र प्रश्न आहे.

सर्व्हर व्यवस्थित चालू आहे, तरीही इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) पिवळे त्रिकोण का दिसतात?

कोणती नोंद माहितीपर, कोणती वॉर्निंग आणि कोणती एरर हे ती नोंद लिहिणारा प्रोग्रॅम स्वतः ठरवतो. तुमच्या ऑफिसचे काम अडले आहे की नाही, याची त्याला कल्पना नसते. सर्व्हर सुरू होताना अनेक सर्व्हिसेस एकापाठोपाठ उठतात आणि एखादी सर्व्हिस दुसरीची वाट पाहत असेल, तर ती तशी नोंद करते. डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारा सर्व्हर) एकच असलेल्या ऑफिसमध्ये रीस्टार्टनंतर डीएनएस सर्व्हरची ४०१३ क्रमांकाची वॉर्निंग हमखास दिसते, कारण ॲक्टिव्ह डिरेक्टरी (डोमेनमधील खाती आणि संगणक यांची नोंदवही) तयार होईपर्यंत डीएनएसला थांबावे लागते. काही मिनिटांत डीएनएस सुरू झाल्याची नोंद खाली आली, तर त्या वॉर्निंगकडे पाहण्याची गरज नाही.

रंगावरून गांभीर्य ठरवू नये, हेही येथेच सांगितलेले बरे. डिस्कची १५३ क्रमांकाची नोंद केवळ पिवळी असते, पण ती तुमचा सगळा डेटा धोक्यात असल्याचे सांगत असू शकते. उलट काही लाल नोंदी वर्षानुवर्षे येत राहतात आणि त्यांनी कोणाचेही काही बिघडत नाही.

शेकडो नोंदी आहेत. सुरुवात कुठून करावी?

सर्वांत वरची, म्हणजे सर्वांत ताजी नोंद वाचून तिचा क्रमांक गुगलवर शोधणे हा सर्रास वापरला जाणारा मार्ग आहे आणि बहुतेक वेळ त्यातच वाया जातो. आधी सिस्टम लॉग उघडून फिल्टरमध्ये फक्त वॉर्निंग, एरर आणि क्रिटिकल हे तीन स्तर निवडावेत, मागील सात दिवस घ्यावेत आणि यादी सोर्सनुसार, म्हणजे नोंद लिहिणाऱ्या प्रोग्रॅमनुसार, लावावी. तीनशे नोंदी प्रत्यक्षात चार-पाच प्रकारच्याच आहेत, हे लगेच लक्षात येईल. क्रमांकाबरोबर सोर्स लिहून घेणे अत्यावश्यक आहे, कारण तोच क्रमांक वेगवेगळे प्रोग्रॅम वेगवेगळ्या अर्थाने वापरतात. डिस्क या सोर्सची ११ क्रमांकाची नोंद आणि दुसऱ्या सोर्सची ११ क्रमांकाची नोंद यांचा एकमेकींशी काहीही संबंध नसतो.

त्यानंतर प्रत्येक प्रकाराची सर्वांत जुनी नोंद शोधावी. ती ज्या दिवशी पहिल्यांदा आली, त्या दिवशी किंवा आदल्या दिवशी ऑफिसमध्ये काय बदलले, हा प्रश्न विचारला की निम्मे कोडे तिथेच सुटते : नवा प्रिंटर बसला, इंटरनेट कंपनीने राउटर बदलून दिला, ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड बदलला, बायोमेट्रिक हजेरीचे यंत्र आले, इलेक्ट्रिशियनने रॅकमधील वायरिंग हलवले. असे बदल कोणी लिहून ठेवत नाही, म्हणून रॅकच्या दाराला एक साधी वही टांगून तीत तारीख आणि बदल लिहिण्याची सवय लावावी. महागड्या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरपेक्षा लहान ऑफिसमध्ये ही वही अधिक उपयोगी पडते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे दोन नोंदींमधील अंतर. वॉर्निंग किती वेळा आली, यापेक्षा ती किती वेळाने येते, हे जास्त बोलके असते. ग्रुप पॉलिसी (सर्व्हरवरून सर्व संगणकांना लागू होणाऱ्या सेटिंग) सदस्य संगणकांवर साधारण ९० मिनिटांनी ताजी होते आणि त्यात शून्य ते ३० मिनिटांची भर पडते, तर डोमेन कंट्रोलरवर ती दर ५ मिनिटांनी ताजी होते. म्हणून दीड-दोन तासांच्या अंतराने येणारी वॉर्निंग पॉलिसीशी जोडलेली असण्याचा संभव मोठा. रोज रात्री ठरलेल्या वेळीच येणारी वॉर्निंग बॅकअपकडे किंवा अँटिव्हायरसच्या स्कॅनकडे बोट दाखवते. सकाळी साडेनऊ ते दहाच्या दरम्यानच येणारी वॉर्निंग सगळे एकदम लॉगिन करतात त्याच्याशी संबंधित असते. आणि कोणतीही लय नसलेली वॉर्निंग दिसली, तर केबल, वीजपुरवठा किंवा हार्डवेअर यांच्यावर संशय घ्यावा.

डिस्ट्रिब्यूटेड-कॉमची १००१६ क्रमांकाची नोंद दिवसातून अनेकदा येते. काय करावे?

काहीही करू नये. विंडोजमधील काही घटक आधी एका पद्धतीने परवानगी मागून पाहतात आणि ती नाकारली गेली, की दुसऱ्या पद्धतीने आपले काम पुरे करतात. नाकारल्याची तेवढी नोंद उरते. ही नोंद दुर्लक्षित केली तरी चालते, असे खुद्द मायक्रोसॉफ्टने सांगितले आहे. रजिस्ट्रीतील मालकी बदलून परवानग्या देण्याचे जे उपाय इंटरनेटवर फिरतात, ते रोजच्या कामाच्या सर्व्हरवर करू नयेत. नोंद थांबेल, पण सुरक्षेची एक चौकट विनाकारण सैल होईल.

डीएनएस क्लायंटची १०१४ आणि नेटलॉगॉनची ५७१९ या नोंदी वारंवार येतात, लॉगिनलाही वेळ लागतो. कारण काय असावे?

लहान ऑफिसमधील सर्वाधिक तक्रारींचे मूळ येथे असते. १०१४ म्हणजे एखाद्या नावाचा पत्ता विचारला, पण ठरवलेल्या कोणत्याही डीएनएस सर्व्हरकडून वेळेत उत्तर आले नाही. ५७१९ म्हणजे संगणकाला डोमेन कंट्रोलरशी सुरक्षित जोडणी करता आली नाही. दोन्ही एकत्र येत असतील, तर प्रथम एखाद्या क्लायंट संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग ही आज्ञा ‘ऑल’ या पर्यायासह द्यावी आणि डीएनएस सर्व्हरच्या ओळीत काय लिहिले आहे, ते पाहावे.

तेथे पहिला पत्ता सर्व्हरचा आणि दुसरा ८.८.८.८ (गुगलचा सार्वजनिक डीएनएस) किंवा राउटरचा दिसला, तर चूक सापडली. ‘सर्व्हर बंद पडला तरी निदान इंटरनेट चालू राहावे’ अशा चांगल्या हेतूने हा दुसरा पत्ता घातलेला असतो. पण विंडोज हे दोन पत्ते ‘घरचा’ आणि ‘बाहेरचा’ असे ओळखत नाही. पहिल्याकडून एकदा उत्तराला उशीर झाला, की संगणक दुसऱ्याकडे वळतो आणि बराच वेळ त्यालाच विचारत राहतो. बाहेरच्या डीएनएसला तुमच्या ऑफिसच्या अंतर्गत डोमेनविषयी काहीच माहीत नसल्याने तो ‘असे नाव नाही’ असे ठाम उत्तर देतो आणि ठाम नकार मिळाल्यावर संगणक पुन्हा सर्व्हरकडे चौकशी करत नाही. परिणामी नेटवर्क ड्राइव्ह तुटतो, लॉगिन रेंगाळते, टॅलीचा डेटा सापडत नाही आणि अर्ध्या तासाने सगळे आपोआप ठीक होते. आपोआप ठीक होत असल्यामुळेच हा दोष महिनोन् महिने तसाच राहतो.

उपाय असा : क्लायंट संगणकांना फक्त अंतर्गत सर्व्हरचाच डीएनएस पत्ता द्यावा, तोही हाताने न भरता डीएचसीपीमधून द्यावा, आणि बाहेरच्या नावांसाठी सर्व्हरच्या डीएनएस कन्सोलमध्ये फॉरवर्डर (ज्याच्याकडे चौकशी पुढे पाठवायची तो) म्हणून इंटरनेट कंपनीचा किंवा सार्वजनिक डीएनएसचा पत्ता घालावा. सर्व्हरच्या स्वतःच्या नेटवर्क कार्डावरही बाहेरचा पत्ता नसावा. सर्व्हर बंद असताना इंटरनेट चालणार नाही, हा या रचनेचा तोटा खरा आहे. तो सोसायचा नसेल, तर दुसरा डोमेन कंट्रोलर उभा करणे हाच योग्य मार्ग होय.

५७१९ ही नोंद केवळ संगणक सुरू होतानाच एकदा येत असेल आणि नंतर सगळे सुरळीत असेल, तर नेटवर्क कार्ड जागे होण्यापूर्वीच नेटलॉगॉनने हाक मारली, एवढाच तिचा अर्थ आहे. ग्रुप पॉलिसीमध्ये लॉगिनपूर्वी नेटवर्कची वाट पाहण्याचा पर्याय आहे, तो चालू करावा. मॅनेज्ड स्विच असल्यास, संगणक जोडलेल्या पोर्टवर स्पॅनिंग ट्रीचा (केबलचे वर्तुळ होऊ न देणाऱ्या स्विचमधील सोयीचा) विलंब टाळणारी सेटिंगही तपासावी.

टाइम सर्व्हिसच्या वॉर्निंग मनावर घ्याव्यात का?

अवश्य. डोमेनमधील लॉगिन ज्या कर्बेरोस पद्धतीने चालते, तीत संगणक आणि सर्व्हर यांच्या घड्याळांत मूळ सेटिंगनुसार ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. फरक त्यापलीकडे गेला, की पासवर्ड बरोबर असूनही प्रवेश नाकारला जातो आणि मग सगळे पासवर्ड बदलण्याच्या मागे लागतात.

टाइम सर्व्हिसची १२ क्रमांकाची वॉर्निंग सांगते, की हाच सर्व्हर डोमेनमधील वेळेचा सर्वोच्च स्रोत आहे आणि त्याच्या वर कोणीही नेमलेले नाही. अशा सर्व्हरवर डब्ल्यू३२टीएम या आज्ञेने स्रोत विचारला असता ‘लोकल सीमॉस क्लॉक’ असे उत्तर येते, म्हणजे मदरबोर्डवरील घड्याळावर संपूर्ण ऑफिस चाललेले असते. या सर्व्हरला बाहेरचा एनटीपी (नेटवर्कवरून वेळ देणारा) स्रोत द्यावा आणि फायरवॉलमध्ये यूडीपीचा १२३ क्रमांकाचा पोर्ट बाहेर जाण्यासाठी मोकळा ठेवावा. भारतातील ऑफिसांनी एनआयसी (राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा, अर्थात एनपीएल, यांचे एनटीपी सर्व्हर वापरावेत. सर्ट-इनने (सायबर सुरक्षा पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने) २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांतही त्यांचाच उल्लेख आहे. बाकीच्या संगणकांवर काहीही भरू नये, ते डोमेनकडून वेळ आपोआप घेतात.

सर्व्हर व्हर्च्युअल मशिनवर असेल, तर होस्ट (ते मशिन ज्यावर चालते तो मूळ संगणक) त्याला वेळ देतो आणि एनटीपीही वेळ देतो अशी ओढाताण होऊन घड्याळ मागे-पुढे होते. दोहोंपैकी एकच स्रोत ठेवावा. एखाद्या जुन्या संगणकाची तारीख रोज सकाळी मागे गेलेली आढळली, तर मदरबोर्डवरील सीआर२०३२ हा बटणासारखा सेल बदलावा.

‘आयपी पत्त्यात संघर्ष’ अशी ४१९९ क्रमांकाची नोंद अधूनमधून येते. दोषी यंत्र कसे शोधावे?

या नोंदीच्या मजकुरात दुसऱ्या यंत्राचा हार्डवेअर पत्ता, म्हणजेच मॅक ॲड्रेस, दिलेला असतो. तो उतरवून घ्यावा. त्याच्या पहिल्या तीन जोड्यांवरून उत्पादक कंपनी कळते आणि ती कॅमेरा, प्रिंटर किंवा हजेरीयंत्र बनवणारी निघाली, की शोध जवळपास संपतो. पहिल्या जोडीतील दुसरे अक्षर २, ६, ए किंवा ई असेल, तर तो पत्ता कारखान्यात दिलेला नाही. अलीकडचे मोबाइल फोन गोपनीयतेसाठी असे तात्पुरते पत्ते घेतात, त्यामुळे तेथे कंपनी शोधत बसू नये, वाय-फायवर कोणकोण जोडलेले आहे ते पाहावे.

नेहमीचे कारण साधे असते. समजा, डीएचसीपीची रेंज १९२.१६८.१.१० ते १९२.१६८.१.२०० अशी आहे आणि हजेरीयंत्र बसवायला आलेल्या माणसाने पिंग करून पाहिले, १९२.१६८.१.५० कडून उत्तर आले नाही, म्हणून तोच पत्ता यंत्राला कायमचा देऊन टाकला. त्या दिवशी तो पत्ता ज्या लॅपटॉपचा होता, तो लॅपटॉप रजेवर गेलेल्या कर्मचाऱ्याच्या घरी होता. लॅपटॉप परत आला, की वाद सुरू होतो आणि सोमवारी हजेरीयंत्र ‘ऑफलाइन’ दिसते. यावर उपाय म्हणजे प्रिंटर, कॅमेरे आणि यंत्रे यांच्यासाठी रेंजबाहेरचे पत्ते राखून ठेवणे, किंवा डीएचसीपीमध्येच त्यांच्या मॅक ॲड्रेसवर रिझर्व्हेशन करणे. डीएचसीपी सर्व्हरमध्ये पत्ता देण्यापूर्वी तो वापरात आहे का, हे तपासण्याची सोय असते. ती मुळात शून्यावर असते, ती एकवर आणावी. भाडेपट्ट्यांच्या, म्हणजे लीजच्या यादीत ‘बॅड ॲड्रेस’ अशा ओळी दिसू लागल्या, तर हीच तपासणी कामाला आली असे समजावे.

दुसरी शक्यता अधिक त्रासदायक आहे. केबिनमध्ये वाय-फाय नीट मिळत नाही म्हणून कोणीतरी घरचा राउटर आणून भिंतीवरील पोर्टला लावतो आणि तो राउटर स्वतःच पत्ते वाटू लागतो. ज्या संगणकाचे नेटवर्क चालत नाही, त्यावर आयपीकॉन्फिगमधील ‘डीएचसीपी सर्व्हर’ ही ओळ पाहावी. तेथे तुमच्या सर्व्हरऐवजी दुसराच पत्ता असेल, तर परका राउटर नक्की आहे. त्यातील डीएचसीपी बंद करून तो केवळ ॲक्सेस पॉइंट म्हणून वापरता येतो. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर मात्र संगणकाला कोणताच डीएचसीपी सर्व्हर भेटलेला नाही. केबल आणि स्विच तपासावेत.

डिस्कसंबंधी वॉर्निंग आल्यास प्रथम काय करावे?

प्रथम बॅकअप घ्यावा. निदान नंतर करावे. डिस्क या सोर्सची ७ क्रमांकाची नोंद खराब ब्लॉक सांगते, १५३ क्रमांकाची नोंद वाचन-लेखन पुन्हा करावे लागल्याचे सांगते आणि कंट्रोलर ड्रायव्हरची १२९ क्रमांकाची नोंद यंत्र उत्तर देईना म्हणून ते रीसेट केल्याचे सांगते. ५१ क्रमांकाची नोंद पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क घाईने ओढून काढल्यानेही येते, म्हणून ती कोणत्या डिस्कची आहे, हे मजकुरातून आधी पाहावे.

डिस्कची स्मार्ट माहिती (डिस्क स्वतःच्या प्रकृतीविषयी ठेवते ते आकडे) वाचताना तीन आकड्यांकडे लक्ष द्यावे. ५ क्रमांकाचा गुणधर्म बदलून वापरलेले सेक्टर दाखवतो, १९७ क्रमांकाचा गुणधर्म संशयित सेक्टर दाखवतो. हे दोन वाढत असतील, तर डिस्क बदलण्याचे ठरवावे, चर्चा करत बसू नये. १९९ क्रमांकाचा गुणधर्म मात्र केबलवरून जाताना डेटा बिघडल्याचे मोजतो. तो एकटाच वाढत असेल, तर साटा केबल बदलून पाहावी. जुना आकडा कधीच शून्यावर येत नाही, त्यामुळे केबल बदलल्यावर तो आणखी वाढतो का, एवढेच पाहायचे असते. सर्व्हरमध्ये रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र बांधणारे कार्ड) असेल, तर विंडोजला मागच्या खऱ्या डिस्क दिसतच नाहीत. त्या कार्डाचे स्वतःचे सॉफ्टवेअर उघडून पाहावे लागते. रेडमधील एक डिस्क केव्हाच बंद पडलेली असते आणि दुसरी पडेपर्यंत कोणालाही पत्ता नसतो, हे दुर्दैवाने नेहमीचे चित्र आहे.

सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२५ क्रमांकाच्या नोंदी सतत येत आहेत. हा हल्ला आहे का?

४६२५ म्हणजे लॉगिनचा फसलेला प्रयत्न. नोंदीतील तीन गोष्टी पाहून ठरवावे : कोणते नाव वापरले, मागणी कोणत्या पत्त्यावरून आली आणि सब-स्टेटस, म्हणजे नकाराच्या कारणाचा कोड, काय आहे. सब-स्टेटसचा शेवट ६४ ने होत असेल, तर त्या नावाचे खातेच नाही. ६ए ने होत असेल, तर नाव खरे आहे आणि पासवर्ड चुकला आहे.

‘ॲडमिन’, ‘टेस्ट’, ‘युजर’ अशी भलतीच नावे, बाहेरचे पत्ते आणि रात्रंदिवस काही सेकंदांचे अंतर असे दिसले, तर राउटरमधून रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ क्रमांकाचा पोर्ट थेट इंटरनेटवर उघडलेला आहे, हे जवळपास निश्चित. तो त्याच दिवशी बंद करून घरून काम करणाऱ्यांना व्हीपीएनमधून (ऑफिसच्या नेटवर्कमध्ये येण्याच्या सुरक्षित मार्गाने) यायला लावावे. पोर्टचा क्रमांक बदलून भागत नाही. स्वयंचलित स्कॅनर नवा क्रमांकही शोधून काढतात.

मागणी ऑफिसमधूनच येत असेल, नाव खऱ्या कर्मचाऱ्याचे असेल आणि त्याचा पासवर्ड नुकताच बदललेला असेल, तर जुना पासवर्ड कुठेतरी साठवलेला राहिला आहे. फोल्डरमध्ये स्कॅन टाकणारे झेरॉक्स मशिन, एखादे शेड्यूल्ड टास्क, दुसऱ्या संगणकावर जोडून ठेवलेला ड्राइव्ह ही त्याची ठरलेली ठिकाणे. खाते लॉक होत असेल, तर डोमेन कंट्रोलरवरील ४७४० क्रमांकाची नोंद उघडावी. तीत कोणत्या संगणकावरून हे घडले, त्याचे नाव दिलेले असते.

कर्नल-पॉवर ४१ आणि ६००८ यांचा अर्थ काय?

सर्व्हर शिस्तीत बंद झाला नाही, एवढाच. बहुधा वीज गेली आणि यूपीएसची बॅटरी टिकली नाही. यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडून बॅटरी संपण्यापूर्वी तो आपोआप बंद होईल अशी व्यवस्था करावी. ती केबल पुष्कळ ठिकाणी खोक्यातच राहिलेली असते.

आमचा फाइल सर्व्हर लिनक्सवर आहे. तेथे काय पाहावे?

जर्नलसीटीएल ही नोंदी दाखवणारी आज्ञा वॉर्निंग आणि त्यावरील स्तर, तसेच चालू बूट, एवढ्यापुरती मर्यादित करून चालवावी. पद्धत वर सांगितली तीच, म्हणजे प्रकार वेगळे करणे, पहिली नोंद गाठणे आणि अंतर मोजणे. मेमरी संपल्याने कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) एखादी प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) मारल्याची नोंद असेल, तर मारली गेलेली प्रोसेस दोषी असेलच असे नाही. त्या क्षणी मेमरी कोण खात होते, याची यादी कर्नलने वरच छापलेली असते. फाइल सिस्टम ‘रीड-ओन्ली’ झाल्याची नोंद डिस्कच्या प्रश्नाइतकीच गंभीर मानावी. नाव शोधणाऱ्या सर्व्हिसने डीएनएस सर्व्हरशी ‘कमी क्षमतेने’ बोलत असल्याचे वारंवार लिहिले, तर बहुतेक वेळा स्वस्त राउटरमधील डीएनएस त्याला कारण असतो. तो वगळून थेट योग्य डीएनएस द्यावा.

नको असलेल्या वॉर्निंग बंद करून टाकाव्यात का?

बंद करू नयेत, नजरेआड कराव्यात. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कस्टम व्ह्यू तयार करताना क्रमांकाच्या आधी वजाचे चिन्ह दिले, की ती नोंद त्या दृश्यातून वगळली जाते आणि मूळ लॉगमध्ये मात्र राहते. ज्या वॉर्निंगचे कारण तुम्हाला एका वाक्यात सांगता येते, तीच वगळावी.

लॉग किती दिवस ठेवावेत?

सिस्टम लॉगची मूळ मर्यादा सुमारे २० एमबी असते आणि ती भरली, की जुन्या नोंदी पुसल्या जातात. सतत येणाऱ्या क्षुल्लक वॉर्निंगचा खरा तोटा हाच, की त्या महत्त्वाच्या जुन्या नोंदींना बाहेर ढकलतात. मर्यादा वाढवणे एका मिनिटाचे काम आहे. सर्ट-इनच्या वर उल्लेखिलेल्या निर्देशांनुसार कंपन्यांसह संबंधित संस्थांनी लॉग १८० दिवस सुरक्षित ठेवणे आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे बंधनकारक आहे. आपले ऑफिस त्या कक्षेत येते का, हे आपल्या सल्लागाराकडून तपासून घ्यावे. लॉगची प्रत त्याच सर्व्हरवर न ठेवता दुसरीकडे ठेवावी, कारण सर्व्हरमध्ये शिरलेला माणूस सर्वप्रथम लॉगच पुसतो. सिक्युरिटी लॉग पुसला गेल्यास ११०२ क्रमांकाची नोंद उरते, तेवढाच पुरावा.

तंत्रज्ञाला बोलावताना काय तयार ठेवावे?

स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो पुरेसा नाही. इव्हेंट व्ह्यूअरमधून लॉगची फाइल ईव्हीटीएक्स स्वरूपात जतन करून द्यावी, वॉर्निंग पहिल्यांदा आल्याची तारीख आणि त्या आठवड्यात झालेले बदल वहीतून काढून द्यावेत, आणि तंत्रज्ञ येण्यापूर्वी सर्व्हर रीस्टार्ट करू नये. रीस्टार्टने त्रास काही तासांपुरता नाहीसा होतो आणि ज्या अवस्थेत दोष दिसत होता, ती अवस्थाही त्याच्याबरोबर जाते.